ऐकणाऱ्याची परीक्षा



कीर्तन संपले की लोक बुवांच्या पाया पडतात, मृदंगाचार्यांच्या बोटांचे कौतुक करतात, चाल म्हणणाऱ्या गायकाला चहाला थांबवून घेतात. ऐकणाऱ्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. वास्तविक नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा आहे. कीर्तनाचा नंबर त्याच्यामागे लागतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच माउलींनी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. ज्यांच्यापुढे सगळ्यांनी हात जोडावेत, ते ऐकणाऱ्यांपुढे हात जोडतात! चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो, तेव्हा समोरचे चेहरे वाचणे हाच माझा अर्धा अभ्यास होता. आता गुडघे आणि श्वास दोन्ही पुरत नाहीत, म्हणून तुमच्यात येऊन बसलो आहे. ऐकणे म्हणजे काय, याचा विचार करायला सवड मिळाली आहे.

या विचारात एका परक्या श्रोत्याने मला फार साथ दिली. त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख. गडी इंग्लंडचा, धंद्याने ग्रंथपाल, लौकिकाने कवी आणि छंदाने जाझ ऐकणारा. नाव फिलिप लार्किन. देवाधर्माशी त्याचा संबंध नव्हता. आपला देवावर विश्वास नाही हे तो लपवीत नसे. माझे इंग्रजी बेताचेच. पण आमचे एक स्नेही महाविद्यालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी दुपारी येऊन लार्किनचे जाझवरचे लेख मला मराठीत अर्थ करून सांगितले, आणि त्यात आलेले वादन नातवाने फोनवर शोधून ऐकवले. पुढे लिहितो ते या दोघांच्या उपकारावर.

आधी जाझ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या वस्त्यांत, त्यांच्या मिरवणुकांत, नाचघरांत, अंत्ययात्रांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे संगीत आकाराला आले. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, बँजो, ढोल ही त्याची वाद्ये. एक ओळखीची चाल धरायची, मग ज्याने त्याने आपापल्या वाटेने ती फुलवायची. पण कोणी कितीही लांब गेला तरी ताल सुटू द्यायचा नाही आणि मूळ चालीला पारखे व्हायचे नाही. कीर्तनकार एकच अभंग घेतो, चरणाचरणाने दोन तास फिरतो, आणि टाळकरी ध्रुवपद धरून त्याला घरी आणतात. हे ज्याने ऐकले आहे, त्याला जाझची रीत समजायला अवघड जाणार नाही.

आणि तुमच्यातल्या वयस्कर मंडळींनी ते नकळत ऐकलेलेही आहे. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक वाजवीत. आपल्या गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ती विद्या उचलली. त्यांच्यातले चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले, आणि १९५१च्या 'अलबेला' चित्रपटात तर पडद्यावरही दिसले. हे सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, जन्म पुणतांब्याचा. तेच पुणतांबे, जिथे गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. जत्रेतल्या तंबूत 'अलबेला' पाहून ज्यांनी पाय हलवले, त्यांच्या पायाला जाझची धूळ लागलेली आहे.

आता लार्किनकडे वळू. जन्म १९२२, कॉव्हेन्ट्री शहरात. वडील नगरपालिकेचे खजिनदार. मुलाची नजर अधू आणि बोलताना जीभ अडखळायची. शाळकरी वयात त्याला जाझचे वेड लागले. आईवडिलांनी ड्रमचा संच आणून दिला, आणि पोरगा घरात तबकड्यांच्या साथीने तो बडवीत बसे. पुढे ऑक्सफर्डला शिकायला गेला, तिथे मित्रांच्या खोलीत हाच उद्योग. त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे वाजे. तीच ती तीन मिनिटे शंभर वेळा ऐकायची, कोणत्या वाद्याने कुठे वळण घेतले ते पाठ करायचे. आमच्या लहानपणी पाठांतर असेच होई. गुरुजी चाल एकदा सांगत, आम्ही ती आठ दिवस जात्यावर दळावी तशी दळत असू.

यात एक गोष्ट मनाला भिडते. या मुलांना त्यांचे दैवत समोर बसून ऐकायला मिळतच नव्हते. दोन्ही देशांतल्या वादकांच्या संघटनांत वाद होता, त्यापायी १९३५पासून १९५६पर्यंत अमेरिकेच्या वाद्यवृंदांना ब्रिटनमध्ये वाजवायची परवानगी जवळजवळ मिळत नव्हती. १९४९ साली सिडनी बेशे हा थोर वादक लंडनला आला आणि हम्फ्री लिटल्टन यांच्या मंडळींबरोबर रंगमंचावर वाजवून गेला, तर कार्यक्रम ठरवणाऱ्यांवर खटला होऊन दंड झाला. सांगा, ऐकवले म्हणून दंड! अशा दिवसांत ज्याने तबकडीतल्या खरखरीतून दूरच्या माणसाचा श्वास ओळखायला शिकले, त्याचा कान कच्चा कसा म्हणावा?

या बेशेवर लार्किनने १९५४ साली एक कविता लिहिली. तिचा आशय स्नेह्यांनी सांगितला तो असा: एकच सूर हवेत उठतो, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्यातून वेगळे न्यू ऑर्लिन्स उभे राहते, ज्याचे जसे मन, तसे त्याचे शहर. लार्किनने स्वतः ते शहर कधी पाहिले नाही. माउली, हे मी गादीवरून रोज पाहिले आहे. पंढरीचे वर्णन करावे तर समोरच्या म्हातारीला वाळवंट दिसते, शेतकऱ्याला पेरणी सोडून निघालेली वाट दिसते, आणि नव्या सुनेला दिंडीत भेटणारी माहेरची माणसे दिसतात. शब्द एक, पंढरी प्रत्येकाची निराळी.

१९५५ साली लार्किन हल या गावी विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि मरेपर्यंत, तीस वर्षे, तिथेच राहिला. हल हे इंग्लंडच्या पूर्व टोकाचे बंदर, आगगाडीची वाट जिथे संपते असे. दिवसभर कचेरी, इमारतीची बांधकामे, समित्यांच्या बैठका. कचेरी सुटली की घर आणि ग्रामोफोन. लग्न केले नाही, परदेशी फिरण्याची हौस नाही. १९६१पासून दहा वर्षे त्याने डेली टेलिग्राफ या वृत्तपत्रात नव्या तबकड्यांवर दर महिन्याला लिहिले, आणि १९७० साली त्या लेखांचे 'ऑल व्हॉट जाझ' हे पुस्तक झाले.

त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या वाचकांचे चित्र काढले आहे. ते ऐकताना मी पंचा डोळ्यांना लावला. त्याचे वाचक म्हणजे कोणी पंडित नव्हते. गावाबाहेरच्या वस्तीत घर, घराच्या कर्जाचा बोजा, मोठी होऊन दुरावलेली मुले, छातीत कळ येण्याचे वय आणि माळ्यावर कुठेतरी जुन्या तबकड्या. एके काळी या संगीताने त्यांना उभारी दिली होती, एवढीच त्यांची पुंजी. शेवटच्या गाडीने घरी येणारे, उसाचे बिल थकलेले, मुलीच्या लग्नाच्या काळजीत असलेले आमचे श्रोते निराळे कुठे आहेत? एक तास कीर्तनात बसून माणूस उठतो तेव्हा कर्ज तेवढेच असते. ते उचलायचे बळ थोडे वाढलेले असते. लार्किनने हे ओळखले होते. संगीत हा सणासुदीचा दागिना नाही, ती रोजची भाकर आहे, अशा भावनेने तो ऐके आणि तसेच लिही. इथवर तो माझा गुरुबंधू.

याच प्रस्तावनेत त्याने आणखी एक गोष्ट उघड सांगितली. १९४०च्या दशकात भाड्याच्या खोल्यांत राहताना त्याच्याजवळ ग्रामोफोन नव्हता. १९४८च्या सुमारास पुन्हा मिळाला. मधल्या काळात जाझ पार बदलले होते. चार्ली पार्कर आणि त्याच्या जोडीच्या मंडळींनी त्याची गती, त्याचा सूर, त्याचे गणित सगळे पालटले. लार्किनला ते रुचले नाही, आणि जॉन कोल्ट्रेन तर मुळीच सोसवला नाही. वर्तमानपत्रात त्याने सुरुवातीला शब्द सांभाळून लिहिले, प्रस्तावनेत मात्र मनातले सांगितले: वादक आता आपल्या कसबाकडे पाहून वाजवतो, ऐकणाऱ्याकडे पाहत नाही, हीच खोड नव्या कवितेला आणि नव्या चित्रकलेलाही लागली आहे.

या तक्रारीला वजन आहे, हे मी मान्य करतो. आमच्याकडेही गायक तानांच्या जंगलात शिरतो आणि मागे राहिलेला टाळकरी वाट पाहत उभा राहतो, असे घडते. पखवाजवाला बोलांची आतषबाजी करतो आणि नाम बाजूला राहते. श्रोत्याला सोडून पुढे गेलेली कला एकटी पडते, हे खरे आहे.

पण तक्रारीची दुसरी बाजूही पाहा. ज्या बेशेला लार्किनने देव मानले, तो मुळात क्लॅरिनेट वाजवी. १९१९ साली तो एका वाद्यवृंदाबरोबर लंडनला आला, तिथल्या दुकानात त्याने सोप्रानो सॅक्सोफोन हे सरळ नळीचे वाद्य विकत घेतले आणि पुढे त्यावरच नाव कमावले. त्या वेळी जाझमध्ये ते नवेच होते. म्हणजे लार्किनचे जुने हे कोणाचे तरी नवे होते. आपली पेटी घ्या. ती युरोपातून आली. आज पेटीशिवाय भजन म्हटले तर मंडळी इकडेतिकडे पाहू लागतात. पार्करही परका नव्हता. कॅन्सस सिटीच्या नाचघरांत वाढलेला, कृष्णवर्णीयांचे ब्लूज हे दुःखाचे गाणे रक्तात असलेला. त्याचे वेगळेपण लार्किनने ऐकले, त्यातले मूळ मात्र त्याला ऐकू आले नाही.

पंधराव्या वर्षी ज्या सुराने आपले डोळे ओले केले, तोच सूर शेवटचा, असे प्रत्येक म्हाताऱ्याला वाटते. आमच्या पारावर हा विषय रोज निघतो: कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, कीर्तन बुडाले. मी नव्या कीर्तनकारांना ऐकायला जातो, तेव्हा मुद्दाम मागच्या रांगेत पोरांच्यात बसतो. वाद्य कोणते आहे ते पाहत नाही. पोरांच्या ओठांवर नाम येते की नाही, तेवढे पाहतो. आले तर मी माझा टाळ त्यांच्या लयीला लावतो. नाही आले तर बुवांना एकांतात, प्रेमाने सांगतो. चार माणसांत कोणाचा पाणउतारा करण्यासाठी आपले वय झालेले नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो, ज्यासाठी हे सगळे सांगितले.

लार्किनची एक जुनी कविता आहे. ट्रम्पेटचा आवाज ऐकून एक माणूस नाचघरापाशी येतो. आत दिवे लागले आहेत, जोडपी नाचत आहेत. हा बाहेर, काचेशी उभा राहून पाहतो, आणि आपण बाहेर का आहोत याची कारणे स्वतःला सांगतो. स्नेह्यांनी हे वाचले तेव्हा मला ती काच दिसू लागली, आणि पुढचा प्रकार कळल्यावर ती अधिकच जाड वाटली.

लार्किन २ डिसेंबर १९८५ रोजी गेला. १९९२ साली त्याची निवडक पत्रे छापली गेली आणि पुढच्या वर्षी चरित्र आले. लोकांना धक्का बसला. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत कृष्णवर्णीय लोकांविषयी आणि बाहेरून इंग्लंडमध्ये येऊन राहिलेल्यांविषयी घाणेरडे, तुच्छतेचे शब्द होते. मित्रामित्रांतली ती थट्टा होती, असे काहींनी म्हटले. असेल. पण ज्या माणसाने लुई आर्मस्ट्राँगला शतकातल्या थोर कलावंतांच्या पंक्तीत बसवले, ज्याच्या संध्याकाळी त्याच लोकांच्या श्वासावर उभ्या होत्या, त्याच्या लेखणीतून हे शब्द आले. कानाने त्यांना डोक्यावर घेतले आणि जिभेने दारात उभे केले.

स्नेही वाचायचे थांबले. म्हणाले, "बुवा, हा माणूस आता तुमच्या मनातून उतरला असेल." मी म्हटले, "त्याला उतरवायचे तर आपल्यालाही बरोबर उतरावे लागेल."

कारण, माउली, चोखोबांना आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, त्याला पावणेसातशेपेक्षा जास्त वर्षे झाली. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आपण तिच्यावर डोके टेकवतो. त्यांचे अभंग तेव्हापासून आपल्या भजनात आहेत. ते गाताना रडलेले महाराज मी पाहिले आहेत. आणि चोखोबांच्या लोकांना विठ्ठलाच्या पायापर्यंत जाता यावे म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले ते १९४७च्या मे महिन्यात. मधल्या सहाशे वर्षांत अभंग बंद पडला नव्हता. दारच बंद होते. गळ्याला चोखोबा चालत होते, उंबऱ्याला चालत नव्हते.

तो कायदा बदलला, दार उघडले. पण मी खेडोपाडी कीर्तनाला हिंडलो आहे. एका गावी रात्री चोखोबांच्या अभंगावर कीर्तन झाले. लोक हमसून हमसून रडले, फुगड्या झाल्या, एकमेकांच्या पाया पडणे झाले. सकाळी ज्या वाड्यात माझा उतारा होता, तिथे चहा आला. ज्या पोराने रात्रभर माझ्यामागे टाळ धरला होता, त्याला चहा अंगणात, कान तुटलेल्या कपात. यजमान माणूस वाईट नव्हता. रात्री सगळ्यांत जास्त तोच रडला होता. मी उठलो, अंगणात जाऊन त्या पोराशेजारी बसलो आणि म्हटले, माझाही चहा इथेच द्या. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने यजमान स्वतःचा कप घेऊन बाहेर आले आणि पायरीवर टेकले. पुढच्या वर्षी त्या घरी सगळ्यांचे चहाचे पेले एकसारखे होते.

लार्किनच्या शेजारी अंगणात जाऊन बसणारे कोणी नव्हते, असे मला वाटते. त्याचे ऐकणे खोलीतले होते: एक माणूस, एक यंत्र आणि मध्ये तबकडी. तबकडीत सूर येतो, वाजवणारा माणूस येत नाही. तो शेजारी राहायला येत नाही, तहान लागली म्हणून पाणी मागत नाही. म्हणून अशा ऐकण्यात सुरावर प्रेम करून माणसाला बाहेर ठेवण्याची सोय राहते. आपल्या पूर्वजांनी वारी पायी का ठेवली, हे मला या परक्या माणसामुळे नव्याने उमगले. अठरा-वीस दिवस ज्याच्या टाळाला टाळ लावायचा, त्याच्याच शेजारी झोपायचे, त्याच्याच हातचे खायचे, त्याच्याच पायाचे फोड पाहायचे. तिथे काच उभी करायला जागा उरत नाही. आता आपलेही बरेच ऐकणे फोनवर आले आहे. घरबसल्या थोर थोर महाराज ऐकायला मिळतात, ही सोय मोठी आहे, मीही घेतो. पण कानात ती बोंडे घालून चोखोबांच्या अभंगावर डोळे मिटायचे आणि डोळे उघडल्यावर दारातल्या झाडूवाल्या बाईशी तुटक बोलायचे, हे होऊ लागले तर आपण हलच्या त्या खोलीत जाऊन बसलो असे समजावे.

म्हणून लार्किनला मी टाकीत नाही. चांगले कसे ऐकावे हे त्याच्याकडून घ्यावे: रोज ऐकावे, पुन्हा पुन्हा ऐकावे, दिवसभराच्या शिणावर फुंकर म्हणून ऐकावे. आणि ऐकणे कुठे अडते, हेही त्याच्याकडूनच शिकावे. उतारवयात त्याला ऐकू कमी येऊ लागले होते, कानाला यंत्र लावावे लागे. १९८६ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या चर्चमध्ये त्याची स्मरणसभा झाली, तेव्हा तिथे जाझ वाजवले गेले. देव न मानणाऱ्याला देवळात निरोप मिळाला, आणि तोही ज्यांच्याविषयी त्याने तसे लिहिले होते, त्यांनी जगाला दिलेल्या संगीताने. त्या सुरांनी त्याला दारात उभे केले नाही.

माझ्या डाव्या कानालाही आता यंत्र आहे. हरिपाठ चालू असताना कधी ते शिटी वाजवते आणि शेजारचे हसतात. मी हसून घेतो. कान किती दिवस टिकतील, ते पांडुरंगाच्या हाती. तोवर एक नेम धरला आहे, तुम्हालाही सांगतो. कीर्तन ऐकून उठलात की मंडपाबाहेर जो पहिला माणूस भेटेल, चप्पल सांभाळणारा असो, चहा देणारे पोर असो, वाट अडवून बसलेला भिकारी असो, त्याच्याशी आपण कोणत्या आवाजात बोलतो याकडे लक्ष ठेवा. तो आवाज गोड निघाला, तर आज तुम्ही कीर्तन ऐकले.

रामकृष्णहरी.